सामानाची यादी आणि माणसांची यादी : सायकल मोहिमेच्या तयारीचा आपला इतिहास

उष्ण प्रदेशातल्या गरीब देशांतून सायकलने हजारो किलोमीटर जायचे असेल तर तयारी काय करावी, यावर भरपूर लिहिले गेले आहे. लिहिणारे बहुतेक युरोप-अमेरिकेतले, अलीकडे आपल्याकडच्या मोठ्या शहरांतलेही. सल्ल्याचा साचा ठरलेला असतो. फ्रेम लोखंडी घ्या, कारण ती मोडली तर खेड्यातला वेल्डरही टाका मारून देतो. मागच्या चाकाच्या ताराे तपासा, ओझे तिथेच पडते. पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका. हिवतापाच्या गोळ्या बरोबर ठेवा. कुत्र्यांसाठी काठी ठेवा. थांबलात की माणसे गोळा होतील, टक लावून पाहतील, वैतागू नका.

हे सल्ले चुकीचे नाहीत. यातले काही आम्हीही देऊ. पण वाचताना एक गोष्ट खटकत राहते. गोळा होऊन टक लावून पाहणारी ती माणसे म्हणजे आपण आहोत! या लिखाणात आपल्याला ऊन, खड्डे, डास आणि कुत्रे यांच्या रांगेत बसवलेले असते. प्रवासी येतो, अडचणी पार करतो, निघून जातो. रस्त्याकडेच्या माणसानेही या प्रवासाची काही तयारी केली असेल, हे लिहिणाऱ्याच्या मनातही येत नाही.

आमचे म्हणणे असे की या देशात लांबच्या प्रवासाची तयारी आधी माणसांची असते, सामानाची नंतर. हे अस्पृश्य समाजाइतके पक्के कुणालाच ठाऊक नव्हते, कारण ते त्याला मार खाऊन शिकावे लागले. आणि त्या शहाणपणातूनच १९८३ साली मान्यवर कांशीराम साहेबांची सायकल मोहीम उभी राहिली. आज १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरच्या निमित्ताने गावोगावचे तरुण सायकल रॅली काढतात. उत्साह दांडगा असतो. पण नियोजनाच्या बैठकीत टी-शर्टचा रंग आणि ड्रोनचे भाडे यांवर दोन तास जातात आणि मुक्काम कुठे, हा प्रश्न शेवटच्या पाच मिनिटांत उरकला जातो. म्हणून हा इतिहास मांडणे आम्हाला गरजेचे वाटते.

सुरुवात सायकलीपासून करता येत नाही, बैलगाडीपासून करावी लागते.

१९०१ सालची गोष्ट. नऊ-दहा वर्षांचे भीमराव, त्यांचे थोरले भाऊ आणि वारलेल्या बहिणीची मुले साताऱ्याहून वडिलांकडे निघाली. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला खजिनदाराच्या कामावर होते. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लिखाणात हा प्रवास सविस्तर सांगितला आहे. त्यात तयारीकडे मुद्दाम लक्ष द्या. नवे कपडे शिवले होते. डोक्यावर जरीच्या टोप्या होत्या. गाडीभाड्याला पैसे होते. बरोबर भरपूर जेवण होते. येत आहोत असे वडिलांना पत्रही टाकले होते. प्रवासाच्या कोणत्याही पुस्तकाप्रमाणे ही तयारी शंभर टक्के पूर्ण होती.

मसूर स्टेशनावर उतरल्यावर काय झाले? वडिलांचा माणूस आला नव्हता, कारण पत्र शिपायाच्या हातात पडले आणि तो ते द्यायला विसरला. स्टेशनमास्तरने जात विचारली. पोरांनी महार म्हणून सांगितले आणि तो मागे सरला. गाडीवाले येईनात. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एक तयार झाला, पण गाडी पोरांनीच हाकायची आणि तो बाजूने पायी चालणार, या अटीवर. डबा उघडला तर प्यायला पाणी नाही. ओढ्यात होते ते शेणामुताचे. रात्री जकात नाक्यावर पाणी मागितले तर तिथेही नाही. पुढ्यात अन्न असून मुले उपाशी झोपली.

प्रवासाच्या पुस्तकात ‘पाणी उकळून प्या’ असे लिहिलेले असते. तिथे पाणी मिळेल, हे गृहीत धरलेले असते. आपला इतिहास त्याच्या एक पायरी अलीकडे सुरू होतो.

आता १९३४. बाबासाहेब एव्हाना देशभर ठाऊक झालेले नेते. चळवळीतल्या सहकाऱ्यांनी सहल काढायचे ठरवले, वेरूळची बौद्ध लेणी पाहायची होती. तीसेक माणसे, भाड्याच्या बसगाड्या. नाशिकहून येवल्यामार्गे औरंगाबाद. याही वेळी तयारी पाहा, किती वेगळी आहे! कार्यक्रम जाहीर करायचा नाही, हे ठरवून केलेले होते. अस्पृश्य प्रवाशाच्या वाटेला जे येते ते टाळण्यासाठी गुपचूप जायचे. ज्या ठिकाणी थांबायचे तेवढ्याच ठिकाणच्या आपल्या लोकांना आधी कळवायचे. १९०१च्या एका न पोचलेल्या पत्राचा धडा जणू इथे नियम झाला होता. तरीही दौलताबादच्या किल्ल्याशी गाठ पडलीच. रमजानचा महिना होता, दरवाजाजवळच्या हौदात धुळीने माखलेली तोंडे धुतली एवढेच, आणि ‘हौद बाटवला’ म्हणून जमाव अंगावर आला. शस्त्रधारी पहारेकऱ्याच्या नजरेखाली, कुठेही पाण्याला हात न लावण्याच्या अटीवर, त्यांना किल्ला पाहावा लागला.

या दोन प्रवासांमध्ये महाड आहे. १९ आणि २० मार्च १९२७च्या परिषदेची तयारी नीट वाचली तर त्यात एक खर्चाची बाब दिसते : परिषदेला येणाऱ्यांसाठी सुमारे चाळीस रुपयांचे पाणी स्पृश्यांकडून विकत घेतले होते. ज्या पाण्याच्या हक्कासाठी परिषद, तेच पाणी विकत घेऊन परिषद. आमच्या मते लांबच्या मोहिमेचे नियोजन शिकायचे असेल तर या चाळीस रुपयांपासून शिकावे. भावनेच्या भरात निघालेली ती माणसे नव्हती. हजारोंना तहान लागणार, याचा हिशेब कुणीतरी आधी बसून केला होता.

याच काळात सायकलवरून देश आणि जग पाहणारेही होते. फॅनी वर्कमन आणि विल्यम वर्कमन हे अमेरिकन जोडपे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतभर सायकलने फिरले आणि १९०४ साली त्यांनी पुस्तक लिहिले, ज्याच्या नावातच चौदा हजार मैलांचा उल्लेख आहे. फॅनीबाई जिद्दीची होती, बाईने काय करावे याचे त्या काळचे नियम तिने पायदळी तुडवले, हे मान्यच. पण मुक्काम डाक बंगल्यात, नाहीतर स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये. सामान घेऊन नोकर आगगाडीने पुढे. साम्राज्याने त्यांची तयारी आधीच करून ठेवली होती. आयर्लंडची डर्व्हला मर्फी १९६३ साली एकटी सायकलने भारतात आली, तिचा ऐवज कितीतरी कमी. आशियातले रस्ते गिअरला सोसणार नाहीत म्हणून तिने गिअर काढून टाकले आणि जादा टायर वाटेवरच्या शहरांत आधीच पाठवून ठेवले. साधी, गरिबीतली तयारी. तिचे आम्हाला कौतुक आहे. तरीही कोणत्याही विहिरीवर तिला कुणी जात विचारली नाही.

मुंबईचे उदाहरण आणखी बोलके आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण सायकलने जगाच्या प्रदक्षिणेला निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटर करून १८ मार्च १९२८ रोजी परतले. वाळवंटे आणि जंगले त्यांनी पार केली. शौर्यच ते. आता दुसरी तारीख शेजारी ठेवा. ते निघण्याच्या दोनच महिने आधी, ४ ऑगस्ट १९२३ रोजी, मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला : सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. म्हणजे एका शहरातून काही तरुण जग पाहायला निघतात आणि त्याच शहरात, त्याच वर्षी, अस्पृश्य माणसांना गावच्या धर्मशाळेत पाय ठेवता यावा म्हणून ठराव करावा लागतो. ते तिघे अजून परदेशात सायकल मारत असताना महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले आणि माणसांची डोकी फुटली. सायकल तीच, रस्ता तोच. फरक विहिरीच्या काठावर होता.

आपल्यासारखेच शहाणपण अमेरिकेतल्या काळ्या लोकांनाही कमवावे लागले. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये राहणारा व्हिक्टर ह्यूगो ग्रीन हा टपाल खात्यातला पोस्टमन. त्याने १९३६ साली काळ्या मोटार प्रवाशांसाठी एक पुस्तिका काढली, जी ‘ग्रीन बुक’ म्हणून ओळखली जाते. कोणत्या गावात कोणते हॉटेल, कोणता पेट्रोलपंप, कुणाचे घर काळ्या माणसाला दार उघडेल, त्याचे पत्ते. नकाशे बाजारात मिळत होते, हे पत्ते मिळत नव्हते. पत्ते गोळा करायला त्याला त्याचे पोस्टमन सहकारीच उपयोगी पडले. पगारदार, सरकारी नोकरीतली, गल्ल्या माहीत असलेली काळी माणसे. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण आता आपण पुण्याला येतो आहोत.

साठच्या दशकातले पुणे म्हणजे सायकलींचे शहर. तिथल्या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत पंजाबहून आलेले कांशीराम नोकरीला होते. बुद्ध जयंती आणि आंबेडकर जयंतीच्या सुट्ट्या रद्द झाल्या, त्याविरुद्ध दीनाभाना या राजस्थानातल्या वाल्मीकी समाजातल्या चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्याने आवाज उठवला आणि त्याच्यावर कारवाई झाली. कांशीराम त्या लढ्यात उतरले. डी. के. खापर्डे यांनी त्यांच्या हातात ‘जातिनिर्मूलन’ ठेवले. पुढचे सर्वांना ठाऊक आहे : १९७१ साली पुण्यात कर्मचाऱ्यांची संघटना, ६ डिसेंबर १९७८ रोजी दिल्लीत बामसेफ, ६ डिसेंबर १९८१ रोजी डीएस-४ आणि १४ एप्रिल १९८४ रोजी बहुजन समाज पक्ष.

या तारखा भाषणात पाठ म्हणून दाखवल्या जातात. आम्हाला त्यांच्या मधली जागा महत्त्वाची वाटते. बामसेफचा सदस्य कोण होता? रेल्वेतला, टपाल-तार खात्यातला, बँकेतला, संरक्षण कारखान्यातला, विमा कंपनीतला माणूस. त्याची बदली होते. तो आज नागपूरला, तर तीन वर्षांनी झाशीला. त्यामुळे त्याला गावेही माहीत आणि गावातली आपली वस्तीही माहीत. सेवानियमांमुळे त्याला राजकीय आंदोलनात उतरता येत नव्हते. म्हणूनच डीएस-४ वेगळी काढावी लागली, ज्यात विद्यार्थी, तरुण, महिला आणि नोकरीत नसलेली माणसे रस्त्यावर आली. थोडक्यात, ज्याला सायकलवर बसता येत नव्हते त्याने तयारी केली. पैसा, बुद्धी आणि वेळ द्यावा, ही मान्यवरांची त्याच्याकडून मागणी होती, आणि ती या कामी आली. हार्लेमच्या पोस्टमनची आठवण आम्हाला इथे होते.

रस्त्याचीही चाचणी आधी झाली होती. १४ एप्रिल ते १४ जून १९८० या दोन महिन्यांत ‘आंबेडकर मेला ऑन व्हील्स’ उत्तरेच्या नऊ राज्यांत ३४ ठिकाणी फिरला. बाबासाहेबांचे जीवन आणि समाजावरचे अत्याचार यांचे ते फिरते प्रदर्शन होते. प्रदर्शन लोकांनी पाहिले. त्याच वेळी संघटनेनेही गावे पाहिली. कुठे शंभर माणसे जमतात, कुठे मैदान मिळत नाही, कुठला ठाणेदार आडवा येतो, कुणाच्या अंगणात रात्री पथारी टाकता येते, हे त्या दोन महिन्यांत कळले नसते तर नवल. पुढे १९८२ साली पुणे कराराला पन्नास वर्षे झाली तेव्हा २४ सप्टेंबरला पुण्यात सुरू झालेला धिक्काराचा कार्यक्रम महिन्याने जालंधरला संपला. तीही तालीमच होती.

मग १५ मार्च १९८३. मान्यवरांचा एकोणपन्नासावा वाढदिवस. दिल्लीहून सुमारे शंभर सायकलस्वार निघाले. चाळीस दिवस, सात राज्ये. अंतर चार हजार दोनशे किलोमीटर, असे चळवळीच्या साहित्यात सांगितले जाते. दोन पाय आणि दोन चाके, एवढ्या भांडवलावर.

या आकड्यांपुढे आपण टाळ्या वाजवून मोकळे होतो. आम्ही इथे थोडा हिशेब करतो. चार हजार दोनशेला चाळीसने भागा : दिवसाला शंभर किलोमीटरच्या पुढे. सायकल कुठली? तीच काळी, अठ्ठावीस इंची चाकाची, दांडीच्या ब्रेकची, मागे कॅरिअर, खाली स्टँड, वीसेक किलो वजनाची. गिअरचे नाव नाही. सामान लादून ती तासाला बारा-पंधरा किलोमीटर जाते. म्हणजे दिवसाचे सात-आठ तास नुसते पायडल मारण्यात. वर सभा. महिने मार्च-एप्रिल, प्रदेश उत्तर भारताचा, वारा भट्टीतून आल्यासारखा. अशा उन्हात राबणाऱ्या शरीरातून तासाला लिटरभर घाम सहज जातो. एका माणसाला दिवसाला आठ लिटर पाणी धरा, शंभर माणसांना आठशे लिटर. जेवायला एका वेळी चार पोळ्या धरा, दोन वेळच्या आठ, शंभर जणांच्या आठशे. चाळीस दिवसांच्या बत्तीस हजार.

हे बत्तीस हजार आम्ही मांडलेले गणित आहे, कुठल्या वहीतली नोंद नाही. पण कमी-जास्त करा, तरी इतक्या पोळ्या कुणीतरी लाटल्याच! ज्या समाजाकडे मोहिमेसाठी मोटारी नव्हत्या, त्याच्याकडे हॉटेलचे पैसे कुठून असणार? कुठल्यातरी वस्तीत, कुठल्यातरी चुलीपुढे बसून आयाबहिणींनी ते पीठ मळले. सायकलस्वारांचे फोटो आहेत. त्या बायांचे नाहीत. आपल्या चळवळीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी, त्यात पुरुषच जास्त, सायकली मोजल्या, तवे मोजले नाहीत. ज्या जिल्ह्यांतून ती मोहीम गेली तिथल्या सत्तरी-ऐंशीच्या म्हाताऱ्यांना अजूनही विचारता येईल. फार दिवस नाही येणार.

सायकलीची निवडही समजून घ्या. गरिबी होती म्हणून सायकल, हे अर्धेच खरे. लुधियाना, सोनीपत, मद्रासच्या कारखान्यांतून निघालेली ही सायकल देशाच्या कोणत्याही बाजारगावात दुरुस्त होत होती. तिची ट्यूब, तिचा कोन, तिचे छर्रे, तिची व्हॉल्वट्यूब कुठेही मिळत असे. परदेशी प्रवासी महागडी सायकल आणतो आणि एका नटासाठी राजधानीत आठवडाभर अडकतो. इथे शंभर सायकली म्हणजे दोनशे चाके, रोज पाच-दहा पंक्चर ठरलेली. परात पाण्याची, काचकागद, सोल्युशन, जुन्या ट्यूबचे ठिगळ : दहा मिनिटांत चाक तयार. आणि हे काम करणारा कोण? रस्त्याकडेला पंप घेऊन बसलेला गरीब मुसलमान, दलित, ओबीसी माणूस. आज ‘पंक्चरवाला’ ही शिवी झाली आहे. ती देणाऱ्यांच्या गाडीची हवा गेली की त्यांना कोण आठवतो, ते त्यांनीच सांगावे. बहुजन ही कल्पना भाषणात समजावून सांगायला तास लागतो, टपरीवर ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधताना ती आपोआप समोर येते.

याहून मोठे कारण आम्हाला दिसते ते असे. मोटारीतला नेता वस्तीपासून ऐंशीच्या वेगाने निघून जातो. सायकलवाल्याला वीस-पंचवीस किलोमीटरवर थांबावेच लागते. त्याला तहान लागते. त्याला पाणी मागावे लागते. आणि ज्या देशात पाणी मागणे हाच जातीचा सवाल आहे, तिथे दर वीस किलोमीटरवर पाणी मागणारी शंभर माणसे म्हणजे चालतीबोलती सभा. तमिळनाडूच्या खेड्यांत सवर्णांच्या गल्लीतून दलिताने सायकलवर बसून जायचे नाही, उतरून हातात धरून न्यायची, असा दंडक कित्येक ठिकाणी होता. उत्तरेतही ठाकुरांच्या दारावरून ताठ मानेने जाणे सोपे नव्हते. अशा मुलखात निळा झेंडा हँडलला बांधून शंभर जण घंटी वाजवत जातात, तेव्हा व्यासपीठावरचे भाषण सुरू होण्याआधी निम्मे काम झालेले असते.

ज्यांना हे सारे उत्तरेतले राजकारण वाटते त्यांनी पुदुकोट्टईकडे पाहावे. १९९१-९२ साली तमिळनाडूच्या त्या जिल्ह्यात साक्षरता मोहिमेने बायकांना अक्षराबरोबर सायकल शिकवली. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी तिला बळ दिले, सायकलीसाठी कर्जे मिळाली. खाणीत दगड फोडणाऱ्या, शेतात राबणाऱ्या, त्यांत कितीतरी दलित बाया, हजारोंनी सायकलवर बसल्या. टिंगल झाली, घाणेरडे बोलले गेले. पी. साईनाथ यांनी नोंदवले आहे की लेडीज सायकली कमी पडल्या तेव्हा बायांनी पुरुषांच्या सायकली घेतल्या, आणि त्यांना त्या बऱ्याच वाटल्या : पुढच्या दांडीवर मूल बसवता येते. आमच्या रॅलीत अजून शंभरात चार मुली असतात आणि त्या पुढे फोटोसाठी ठेवल्या जातात. सायकल शिकवण्यापासून तयारी सुरू करावी लागेल, हे आमच्या कार्यकर्त्यांना कुणीतरी सांगायला हवे, म्हणून आम्हीच सांगतो.

१९८३च्या डिसेंबरात मान्यवरांनी आणखी मोठा घाट घातला. समता आणि आत्मसन्मानासाठी शंभर दिवसांचे सामाजिक कार्य : ६ डिसेंबर १९८३ ते १५ मार्च १९८४. कन्याकुमारी, कोहिमा, पुरी, पोरबंदर आणि कारगिल अशा देशाच्या पाच टोकांकडून दिल्लीकडे. कन्याकुमारी ते दिल्ली हेच सायकलने पावणेतीन-तीन हजार किलोमीटर. आधीच्या मोहिमेत सारा उन्हाचा मार बसला होता, या वेळी हिवाळा होता. तारखा बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणापासून स्वतःच्या वाढदिवसापर्यंतच्या निवडलेल्या, त्यामुळे ऋतू सोयीचा पडला की सोयीसाठी तारखा निवडल्या, यावर वाद घालणाऱ्यांनी घालावा. दिल्लीला पोचल्यावर महिन्याभरात पक्ष जाहीर झाला. पक्षाच्या निळ्या झेंड्यावर हत्ती आला. पुढे सायकल हे निवडणूक चिन्ह उत्तर प्रदेशात मुलायमसिंहांच्या पक्षाने नेले, हा इतिहासाचा एक विनोद.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. तेव्हा फोन नव्हते, गाड्या नव्हत्या, म्हणून ते सारे करावे लागले. आता एका व्हॉट्सॲप ग्रुपवर हजार माणसे जमतात, जेवणाचा टेम्पो मागून येतो, पाण्याच्या बाटल्यांचे खोके दाता देतो. मग वस्तीवस्तीत आधी फिरण्याची गरज काय?

आमचे उत्तर असे की टेम्पो मागे असेल तर वस्तीत थांबण्याचे कारणच उरत नाही. रॅली हायवेने जाते, हायवेवरच्या ढाब्यावर जेवते आणि चैत्यभूमीला किंवा दीक्षाभूमीला पोचून फोटो टाकते. वाटेतल्या चाळीस गावांना ती कळतही नाही. १९०१ साली वडिलांना पाठवलेले पत्र पोचले नाही म्हणून मुले उपाशी राहिली. आज आपण पत्रच पाठवत नाही आणि उपाशीही राहत नाही, म्हणून काही बिघडले असे वाटत नाही. बिघडलेले आहे ते वस्तीच्या बाजूने. खैरलांजीनंतर, भीमा कोरेगावनंतर, कुठल्याही गावात बहिष्कार पडल्यानंतर तिथे पोचायला आपल्याला दोन-दोन दिवस लागतात, कारण त्या तालुक्यातले एक घरही आपल्या माहितीत नसते. मोहिमेच्या तयारीत पत्ते जमले असते तर ते अशा वेळी हाताशी असते.

तेव्हा येत्या एप्रिलला निघणाऱ्यांनी नकाशा पसरण्याआधी कोरी वही घ्यावी. दर पंचवीस किलोमीटरवर एक नाव आणि एक नंबर. फक्त बौद्धवाड्यातले नको. मातंग, चर्मकार, भटके, मुसलमान, माळी-धनगर, आदिवासी पाडा, सगळीकडचे. निघण्याच्या महिनाभर आधी दोघांनी मोटारसायकलने जाऊन प्रत्येक घरी चहा प्यावा, पाणी कुठल्या विहिरीचे ते विचारावे आणि गावातल्या सार्वजनिक नळावर आपल्यासोबत कोण येईल तेही विचारावे. कुठे नकार मिळाला, कुठे दुसऱ्या पेल्यातून चहा आला, ते त्याच वहीत लिहावे. परतल्यावर पुन्हा एक फेरी मारावी.

बाकी सामानाचे म्हणाल तर थोडक्यात. पहाटे साडेचारला निघा, दहाच्या आत सावली गाठा, चारनंतर पुन्हा. लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रत्येकाला तोंडपाठ हवे. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनाबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने कॉलऱ्याच्या असंख्य रुग्णांना वाचवले होते, उन्हात घाम गाळलेल्या पोरालाही तेच वाचवते. लघवी पिवळीजर्द झाली की थांबा, नेता असलात तरी. डोक्याला ओला पंचा, अंगात पूर्ण बाह्यांचा सुती सदरा. टी-शर्ट नायलॉनचे छापू नका, पाठ भाजते. दहा सायकलींमागे एक पंप, एक पाना, चार ट्यूब आणि पंक्चर काढता येणारी किमान दोन माणसे, त्यांतली एक मुलगी. सीटची उंची निघण्याआधी प्रत्येकाची तपासा, निम्म्या पोरांचे गुडघे त्यानेच जातात.

जयभीम.